बावन्नाला दोन कमी

वर्षातला शेवटचा रविवार, संध्याकाळचे साडेसहा. ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत जुना पेपर अंथरून त्यावर तीन किलो मटार ओतलेला. डिसेंबरात मटार स्वस्त झाला की भरपूर आणायचा, सोलायचा आणि पिशव्या भरून फ्रीजरमध्ये टाकायचा, ही घरची जुनी रीत. सोलायला आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे. अप्पा एसटीच्या डेपोत हिशेबनीस होते. आता ७८ वर्षांचे आहेत. मी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत नोकरी करते. चौथीतली लेक आत पलंगावर पालथी पडून ‘वनवास’मधल्या लंपनच्या मागे हिंडत होती.

गेल्या जानेवारीत ऑफिसातल्या आम्ही पाचजणींनी पैज लावली होती, वर्षाला ५२ पुस्तकं, आठवड्याला एक. त्या संध्याकाळपर्यंत माझी ५० झाली होती. बुधवारी वर्ष संपणार होतं. शेंगा सोलता सोलता माझी नजर शेजारच्या स्टुलावरच्या पातळशा पुस्तकाकडे जात होती. अप्पांनी ते टिपलं.

अप्पा : किती पानांचं आहे गं?

मी : शहाण्णव.

अप्पा : बघ, ‘काय आहे’ असं मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस.

मी : टोमणा कळला. पण तीन दिवसांत दोन व्हायचीत अप्पा. जाडजूड कसं घेऊ?

अप्पा : घेऊ नकोस. फक्त पुस्तक मी निवडलं असं म्हणू नकोस, जाडी निवडली म्हण. या आठवड्यात काय काय झालं, सांग बरं.

मी : सोमवार-मंगळवार ‘रणांगण’, ऑफिसला जाता-येता. बुधवारी ‘बनगरवाडी’. गुरुवार-शुक्रवार आपण भिलारला. काल धुणं, इस्त्री आणि आईंचं कपाट. आज मटार.

अप्पा : ‘रणांगण’ दोन दिवसांत! युद्ध तोंडावर आलंय, जर्मनीतून हाकललेले ज्यू बोटीवर आहेत, त्यात ती हॅर्टा. बेडेकरांचं ते पुस्तक १९३९ साली आलं, म्हणजे ज्या वर्षी युद्ध पेटलं त्याच वर्षी. ती बोट युरोपातून मुंबईला यायला जितके दिवस घेते, तितके तरी दिवस माणसानं त्या पुस्तकात राहावं. तू भांडुपला पान उलटलंस आणि दादरला प्रकरण संपवलंस.

मी : लोकलमध्ये वाचलेलं आत उतरत नाही, असं का समजता? मंगळवारी सीएसएमटीला गाडी रिकामी झाली आणि मी बसूनच होते. परतीच्या बायका चढून शेजारी टेकल्या, तेव्हा कुठे उठले. ऑफिसला उशीर झाला, त्याची बोलणीही खाल्ली.

अप्पा : मग दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकापाशी थांबायचंस जरा.

मी : दुसऱ्या दिवशी ‘बनगरवाडी’ होतं.

अप्पा : तेच तर. एका पंगतीवरून उठलीस आणि हातही न धुता दुसऱ्या पंगतीला बसलीस. कुठल्या पानात काय वाढलं होतं, ते जिभेला कळायला नको?

(मी मुद्दाम दोन शेंगा जास्त जोरात फोडल्या. एक दाणा उडून गॅलरीबाहेर गेला.)

अप्पा : ‘बनगरवाडी’ मी दर उन्हाळ्यात वाचतो. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी त्या नव्या मास्तराच्या बाजूचा होतो, विशीतला. लग्न झालं, पोरं झाली, तशा धनगरांच्या बायका दिसायला लागल्या. आता मी कारभाऱ्याच्या बाजूला जाऊन बसलोय. शेवटी दुष्काळात गाव उठतं ना, तिथं पूर्वी मी भराभर वाचायचो. आता वाचवत नाही, थांबत थांबत जातो. तुझ्या वहीत याची किती पुस्तकं धरशील?

मी : एक.

अप्पा : पन्नास वर्षांत एक. नापास झालो म्हणायचा मी.

मी : अप्पा, तुमचं म्हणणं ऐकायला गोड लागतं. आता माझा हिशेब ऐका. लेक झाली त्या वर्षी मी किती पुस्तकं वाचली असतील? एकही नाही. पुढच्या तीन वर्षांत मिळून चार, त्यात एक बाळाच्या आहाराचं. वाचावंसं वाटत नव्हतं, असं नव्हे. रात्री दहाला हात रिकामे व्हायचे, मोबाईल हातात यायचा आणि साडेअकरा वाजायचे. काय पाहिलं म्हणाल तर सांगता यायचं नाही. पैज लावली आणि ते थांबलं. शिवाय तिच्यात दर महिन्याला एक अट असते. एक अट होती, शंभर वर्षांहून जुनं मराठी पुस्तक. मी बाबा पदमनजींचं ‘यमुना पर्यटन’ वाचलं, १८५७ सालचं. विधवांचे हाल सांगणारी कादंबरी त्या काळी मराठीत लिहिली गेली, हे मला नुसतं नाव म्हणून माहीत होतं. आपण होऊन कधी हात लावला असता?

अप्पा : नसता. मीही लावलेला नाही.

मी : दुसरी अट, अनुवाद. म्हणून भैरप्पांचं ‘पर्व’ वाचलं, उमा कुलकर्ण्यांनी मराठीत आणलेलं. विरूपाक्ष कुलकर्णी मूळ कन्नड मोठ्यानं वाचायचे आणि ते ऐकत उमाताई मराठीत लिहायच्या, हे तेव्हा कळलं. नवरा वाचतोय, बायको लिहितेय, एका घरात बसून! तेव्हापासून मी तुमच्या चिरंजीवांकडे वेगळ्या नजरेनं बघते.

अप्पा : त्याला कन्नड येत नाही, हे त्याचं नशीब. पण एक सांग, हे सगळं तू नोंदवतेस कुठे?

मी : वहीत. आणि बाकीच्या चौघी गुडरीड्सवर आहेत म्हणून तिथंही.

अप्पा : ते संकेतस्थळ कुणाचं?

मी : २०१३ पासून ॲमेझॉनचं.

अप्पा : म्हणजे पुस्तकं विकणाराच तू किती वाचलीस ते मोजतोय. आमच्या गावचा वाणी उद्या म्हणाला, ‘वर्षात ५२ किलो साखर खाऊन दाखवा,’ तर तू वही घालशील?

मी : (हसत) साखरेचं उदाहरण चुकलं. निम्मी पुस्तकं मी ग्रंथसंग्रहालयातून आणली. १८९३ पासून हे ग्रंथालय ठाण्यात आहे, तिथं वाणी कुठला आलाय?

अप्पा : वाणी नाही, पण सवय तीच. मी आयुष्यभर आकडे लिहिले. डिझेल किती, तिकिटं किती, तूट किती. संध्याकाळी घरी येऊन पुस्तक उघडलं की पहिलं सुख हे, की इथे जमाखर्च जुळवायचा नाही. तुमच्या ऑफिसात टार्गेट, पोरीच्या शाळेत टार्गेट, आता पुस्तकांनाही टार्गेट. आणि भिलारला काय झालं, ते तू मघाशी सांगितलंच नाहीस.

भिलारचा विषय निघणार, याची मला धास्ती होती. पाचगणीजवळचं हे स्ट्रॉबेरीचं गाव. मे २०१७ मध्ये राज्य शासनानं ते पुस्तकांचं गाव केलं. सुरुवातीला २५ ठिकाणी, लोकांच्या राहत्या घरांमधून, पुस्तकांची कपाटं ठेवली. एका घरी कादंबऱ्या, दुसरीकडे चरित्रं, आणखी कुठे मुलांची पुस्तकं. कुठल्याही घरात जायचं, पुस्तक काढायचं, ओसरीवर बसून वाचायचं. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळी हवेत चांगलाच गारवा होता. मी आत्मचरित्रांच्या कपाटातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढलं. कॉलेजात त्यातला एक उतारा पाठ्यपुस्तकात होता, तेवढीच ओळख. ओसरीच्या भिंतीला पाठ लावून बसले. अर्ध्या तासात वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे प्रसंग आले आणि मी एकटीच हसायला लागले. लेक कंटाळून शेजारी आली, मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, “मोठ्यानं वाच ना.” मी मोठ्यानं वाचायला लागले. घरच्या काकू परातीत तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. उन्हानं ओसरीची एक पायरी ओलांडली, मग दुसरी. दुपारी निघताना पुस्तक जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर आलं होतं. ते कपाटात परत ठेवताना काकू म्हणाल्या, “पुढचं आता मीच वाचते.”

अप्पा : तीन तास वाचलंस. दोघींना ऐकवलंस. तिसरा मी होतो, डोळे मिटलेले होते, झोपलो नव्हतो. वहीत काय लिहिलंस?

मी : काही नाही. पुस्तक पूर्ण झालं नाही.

अप्पा : म्हणजे या आठवड्यातलं सगळ्यात चांगलं वाचन तुझ्या हिशेबात शून्य. मी हिशेबनीस होतो, मला विचारशील तर ही वही खोटी आहे.

खरं सांगायचं तर याला उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण हरायचीही इच्छा नव्हती.

मी : अप्पा, तुमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह व्हायचा ना?

अप्पा : दरवर्षी. मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आधी. आमचे वडील बसायचे.

मी : सात दिवस, बावन्न अध्याय, ठरल्या दिवशी ठरले तेवढे झालेच पाहिजेत. ही पैज नाही तर काय?

अप्पा : बावन्न अध्याय आणि वर अवतरणिका. पण पुस्तक एकच होतं, हे विसरू नकोस. आणि ती वाटणी कशी होती, माहीत आहे? पहिल्या दिवशी नऊ अध्याय. दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत. तिसऱ्या दिवशी एकोणतिसावा, चौथ्या दिवशी पस्तिसावा. पाचव्या दिवशी तीनच.

मी : तीनच का?

अप्पा : छत्तिसावा अध्याय हा एवढा लांब. वडिलांचा आवाज बसायचा. ज्यानं कुणी ही वाटणी केली, त्यानं अध्याय नुसते सातानं भागले नाहीत, वाचणाऱ्याचा घसा बघितला. तू ‘तुंबाडचे खोत’ आणि हे शहाण्णव पानांचं, दोन्हींना एक एक धरतेस. आमच्या डेपोत कुणी लांब पल्ल्याची गाडी आणि शेजारच्या वाडीची फेरी एका भावानं लावली असती, तर त्याला घरी बसवला असता.

मी : हे मानलं. आता माझं ऐका. वडील वाचायचे. आजी काय करायच्या?

अप्पा : ऐकायची. दाराच्या उंबऱ्याशी बसायची. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, असा दंडक होता.

मी : सात दिवस आजोबांना कोणी हाक मारायचं का? ‘जरा दूध बघता का’, ‘पोर रडतंय, घेता का’?

अप्पा : छे! पारायणाला बसलेल्या माणसाला उठवायचं नसतं.

मी : मला तेच हवंय, अप्पा. मला कोणी उठवू नये असं वाचन. ‘मला वाचावंसं वाटतंय’ म्हटलं, की सगळं घर समजून घेतं आणि दोन मिनिटांनी विचारतं, माझे मोजे कुठे आहेत? ‘माझं या आठवड्याचं पुस्तक राहिलंय’ म्हटलं, की तेच घर मोजे स्वतः शोधतं. काम म्हटलं की बाईला वेळ मिळतो, हौस म्हटली की मिळत नाही. म्हणून मी हौसेला कामाचे कपडे घातले. रमाबाई रानड्यांनी १९१० च्या त्यांच्या आठवणींमध्ये लिहून ठेवलंय की माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतलं, तर घरातल्या बायकांनाच ते खुपलं. लक्ष्मीबाईंनाही अक्षरओळख लग्नानंतर टिळकांनी करून दिली. वाचायला बसलेली बाई आपल्याकडे शंभर वर्षं काहीतरी कारण देत आलीय. माझं कारण ५२ हा आकडा आहे. तुम्ही ‘बनगरवाडी’ दर उन्हाळ्यात सावकाश वाचलीत, तेव्हा कुकर कोण लावत होतं?

अप्पांनी हातातली शेंग फोडली नाही, नुसती फिरवत राहिले. मला वाटलं, जास्त बोलले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन दोन वर्षं झाली. काल त्यांचं कपाट पहिल्यांदाच पूर्ण रिकामं केलं होतं, आणि तिथं सापडलेली एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितली नव्हती.

मी : अप्पा, आईंच्या कपाटात खालच्या खणात, साड्यांच्या घड्यांखाली कागद निघाले. चुरगळलेले, मग हातानं सपाट केलेले. काहींवर तेलाचे डाग, एकावर हळद. मासिकांची फाटकी पानं. खणाला अंथरायला ठेवले असतील असं वाटलं, पण ते घडी घालून ठेवलेले आहेत.

अप्पा : (बऱ्याच वेळानं) रद्दीत दिलेस?

मी : नाही, आहेत.

अप्पा : त्या पुड्या आहेत. वाण्याकडून सामान यायचं ना पूर्वी, मासिकाच्या, दिवाळी अंकाच्या पानात बांधून. तुझी सासू पुडी डब्यात रिकामी करायची, कागद झटकायची, दोरा गुंडाळून खुंटीला लावायची आणि तो कागद ओट्याशी उभ्या उभ्या वाचायची. दूध वर येईपर्यंत जेवढा होईल तेवढा. गोष्ट मधूनच सुरू झालेली, मधूनच तुटलेली. एकदा जिऱ्याच्या पुडीतलं पान होतं. आठवड्यानं रात्री जेवताना मला विचारते, “त्या बाईनं घर सोडलं असेल का हो?” मी म्हटलं, कुठल्या बाईनं? तर म्हणाली, “जिऱ्यातल्या.”

मी : मग?

अप्पा : मग काय, मी हसलो. खूप हसलो. ग्रंथालयाचं कार्ड होतं माझ्या नावावर. पंधरा दिवसांनी पुस्तक बदलायला मीच जायचो, माझ्या आवडीचं आणायचो. तिला काय हवंय, हे विचारायचं सुचलं नाही. तिच्या हिशेबानं, तुझ्या वहीसारखी वही ठेवली असती तिनं, तर पन्नास वर्षांत पूर्ण झालेली पुस्तकं दोन-चार निघाली असती. बाकी सगळी जिऱ्यातली, हळदीतली.

आतून लेकीनं विचारलं, “अप्पाआजोबा, लंपन शाळेत कधी परत जाणार?” आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. मटाराचा ढीग संपत आला होता.

मी : पुढच्या वर्षीची यादी करायचीय. त्या चौघी म्हणतात, आता साठ.

अप्पा : आणि तू?

मी : मोजणं सोडणार नाही, हे आधीच सांगते.

अप्पा : सोडू नकोस. मघाशी मी म्हणालो ते माझ्यासाठी बरोबर होतं. मला कुणी उठवत नव्हतं. तू मोजलं नाहीस तर ते तास घरातलं कुणीतरी उचलून नेईल, बहुतेक मीच. पण पुस्तकं मोजू नकोस, तास मोज. आणि वाटणी पोथीसारखी कर. लांब अध्यायाला जास्त दिवस. अर्धं राहिलेलंही लिही. भिलारचं लिही.

मी : मग पैज कशी जिंकणार?

अप्पा : हरशील. त्यात काय, मी पन्नास वर्षं हरतोय. (गुडघ्यावर हात टेकून उठत) थांब, एक आणलंय.

ते आतून कापडी पिशवी घेऊन आले. शुक्रवारी रात्री भिलारहून परतलो, आणि हे गृहस्थ शनिवारी सकाळी सगळे झोपेत असताना ग्रंथालयात जाऊन आले होते. पिशवीत ‘तुंबाडचे खोत’, दोन्ही खंड. श्री. ना. पेंडशांची १९८७ सालची कादंबरी, चार पिढ्यांचा पसारा. एक खंड उचलला तरी मनगटाला जाणवतो.

अप्पा : खेडची जगबुडी नदी आहे यात. माझा तालुका शेजारचाच. वाचता वाचता कुठे अडलीस तर विचार, शब्द सांगेन. जानेवारी-फेब्रुवारी दोन्ही महिने यालाच दे.

मी : मला डिवचायला आणलीत ना?

अप्पा : काल सकाळी आणली तेव्हा डिवचायलाच आणली होती. आता तसं नाही. रोज साडेसात ते साडेआठ तू स्वयंपाकघरात यायचं नाहीस. कुकर मी लावणार.

मी : आणि पोळ्या?

अप्पा : माझ्या मुलाला दोन हात आहेत. त्याला वर्षाची पैज लावून दे, ५२ गोल पोळ्या. आठवड्याला एक जमली तरी पुष्कळ.

मी : आणि त्या पुड्या?

अप्पा : एकेक मला वाचून दाखव, चष्म्यातूनही ती बारीक अक्षरं आता दिसत नाहीत. जिऱ्यातली असेल तर ती पहिली.

मी सोललेल्या मटाराचं पातेलं उचललं, तर त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेसात. शहाण्णव पानांचं पुस्तक स्टुलावर होतं तिथंच राहिलं. मी गॅलरीचा दिवा लावला आणि पहिला खंड उघडला. आत डाळ-तांदूळ धुतल्याचा आवाज झाला, भांडं पडलं, अप्पांनी कुणाला तरी दम दिला, बहुधा कुकरच्या झाकणालाच. मग मला काही ऐकू आलं नाही. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. लेक धावत आली, “आई, वास येतोय!” म्हणाली, तेव्हा मी भानावर आले.

“अप्पा,” मी बसल्या जागेवरून ओरडले, “शिट्ट्या किती झाल्या?”

आतून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग अप्पा म्हणाले, “मोजायच्या असतात होय?”